आकृतीला वळसा

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक वारकरी बाई. हिरव्या नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, उजव्या हातानं वृंदावनाचा काठ धरलेला, डावा हात चालीबरोबर मोकळा सुटलेला. वारीवरच्या लेखासाठी संपादकांनी हा फोटो निवडला आणि पान लावणाऱ्याला एवढंच सांगितलं, "मागचा रस्ता, गर्दी सगळं काढा. फक्त बाई ठेवा. मॅटर त्यांच्या कडेकडेनं वाहू द्या."

मी शेजारच्या खुर्चीत प्रुफं तपासत होतो. दिवाळी अंकांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि गणपतीनंतरच्या रात्री अशाच पडद्यासमोर जातात. ऑपरेटरनं फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' दाबलं. काही सेकंदांत बाई गर्दीतून सुट्या झाल्या. त्यांना उचलून त्यानं इनडिझाइनच्या पानावर उजवीकडे ठेवलं, टेक्स्ट रॅपला आकृतीची कड ओळखायला सांगितली आणि लेख सोडला. पान झालं. लांबून देखणं दिसत होतं.

जवळ जाऊन वाचायला लागलो आणि बाईंच्या हातापाशी अडकलो. वर गेलेला दंड, वाकलेलं कोपर आणि गाल यांच्यामध्ये एक त्रिकोणी पोकळी होती. संगणकाच्या लेखी ती मोकळी जागा. त्या पोकळीत 'आणि' हा एकच शब्द येऊन बसला होता. वाक्य कोपरापर्यंत यायचं, हात ओलांडून पलीकडे 'आणि' म्हणायचं आणि पुन्हा डाव्या समासाकडे धावायचं. खाली पदराच्या चुण्यांपाशी तर प्रत्येक ओळ निराळ्या लांबीची होती. कारण कड ओळखताना संगणकानं एकही चुणी सोडली नव्हती.

ऑपरेटर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कळलं. हातानं करतो." त्यानं आपोआप आलेली कड पुसली, पेन टूल घेतलं आणि नवी रेघ काढली. वृंदावनाच्या काठावरून सरळ कोपरावर, म्हणजे पोकळी बंद. कोपरावरून कमरेपर्यंत एकच उथळ वळण. कमरेपासून घोट्यापर्यंत दुसरं. आधीच्या कडेवर शेकडो बिंदू होते, या कडेवर मोजून आठ. मजकूर पुन्हा सोडला, आणि बाई पानावर चालायला लागल्या.

आकृतीभोवती मजकूर फिरवणं म्हणजे आकृतीची कड गिरवणं, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या अनुभवात ते तसं नाही. आकृतीची कड एक आणि मजकुराची कड दुसरी. पहिली कॅमेऱ्यानं दिलेली असते, दुसरी वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी कुणीतरी ठरवावी लागते. हे ठरवण्याचं काम आपल्याकडे हल्ली कुणाच्याच वाट्याला येत नाही, आणि त्याचा परिणाम दर दिवाळीला शेकडो पानांवर दिसतो. म्हणून हा लेख.

हे काम संगणकाबरोबर आलं, असंही समजू नये. ताडपत्रावरच्या पोथ्या दोरीत ओवून ठेवायच्या, त्यासाठी पानाला भोक पाडावं लागे. लेखनिक त्या भोकाभोवती थोडी जागा कोरी सोडी आणि ओळ पलीकडे नेई. पुढे कागद आला, दोरी गेली, भोकाचं काम संपलं. तरी पश्चिम भारतातल्या, जैनांच्या कल्पसूत्राच्या कागदी पोथ्या पाहिल्या तर पानाच्या मधोमध ती जागा तशीच राखलेली दिसते. भोकाच्या ठिकाणी लाल टिकली येते, कुठे नक्षी येते, आणि देवनागरी ओळी तिला वळसा घालून जातात. जे आधी अडचण म्हणून सोडलं होतं ते पुढे शोभा म्हणून ठेवलं. जुन्या पोथीचं असं पान समोर आलं तर त्या टिकलीपाशी थांबून पाहा. ओळ तुटलेली असते, पण शब्द शक्यतो सांभाळलेला असतो.

संस्कृत कवींनी तर याच्या उलट वाट धरली. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा एकोणिसावा सर्ग चित्रबंधांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे अक्षरंच आकृती होतात. तो वेगळा विषय आहे, आणि तिथे वाचकानं अडावं हीच कवीची इच्छा असते. आपल्या लेखाचा वाचक अडू नये, अशी आपली इच्छा.

युरोपात व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस यानं १४९९ मध्ये छापलेल्या 'हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली' या पुस्तकात मजकुराच्या ओळी खाली खाली निमुळत्या होत जातात आणि काही पानांवर परिच्छेदाला पेल्याचा आकार येतो. जवळपास पाचशे वर्षांनी अमेरिकेत टेबलावर पानं लावण्याचं सॉफ्टवेअर तयार झालं, तेव्हा त्या कंपनीनं याच मुद्रकाचं नाव घेतलं. आल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ मध्ये आलं. १९९४ मध्ये अडोबीनं आल्डस विकत घेतली. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं डीटीपी शिकलं ते या पेजमेकरवर, आणि 'रॅप मारणे' हा शब्दप्रयोगही तिथूनच रुळला.

त्याआधी काय होतं, हे जुन्या छापखान्यातल्या माणसाला विचारावं. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकाचं नाव घेतलं जातं. दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला तो १९४५ मध्ये. या सगळ्या काळात मजकूर खिळ्यांचा होता आणि चित्र जस्ताच्या पत्र्यावरचं, लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं. ठोकळा चौकोनी. आकृतीच्या कमरेपाशी मजकूर आत न्यायचा तर ठोकळाच तेवढा करवतीनं कापावा लागे. मग जुळारी प्रत्येक ओळ वेगळ्या मापात जुळवणार, उरलेल्या जागेत कोरे तुकडे भरणार, आणि प्रूफ काढल्यावर दोन ओळी पुढेमागे करायच्या ठरल्या तर सगळं पुन्हा. वळण असं यायचंच नाही, पायऱ्या यायच्या. म्हणून हा खटाटोप फार थोड्या पानांवर व्हायचा आणि जिथे व्हायचा तिथे कुणीतरी विचार करूनच व्हायचा. आज ते एका क्लिकवर होतं. विचार मात्र त्या क्लिकमध्ये येत नाही.

आता फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ते फोटोंसाठी बनवलं आणि १९९० मध्ये अडोबीनं बाजारात आणलं. त्याचा जीव ठिपक्यांत आहे. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं तसं टेक्स्ट रॅपचं बटण त्यात नाही. तरी मुखपृष्ठं, शुभेच्छापत्रं, पोस्टरं, फ्लेक्स आपल्याकडे फोटोशॉपमध्येच होतात, आणि तिथे मजकूर आकृतीभोवती फिरवायचा तर उलटा विचार करावा लागतो. आकृतीला बाजूला सारायचं नाही, मजकुरालाच अंगरखा शिवायचा. पेन टूल 'पाथ'वर ठेवा आणि मजकूर जिथे हवा त्या जागेची बंद आकृती काढा. तीन बाजू सरळ, चौथी बाजू माणसाच्या कडेनं, पण कडेला न चिकटता. मग टाइप टूल घेऊन कर्सर त्या आकृतीच्या आत न्या. कर्सरभोवती ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की क्लिक करा आणि मजकूर टाका. कर्सर जर रेघेवर असताना क्लिक केलंत तर मजकूर आत भरणार नाही, रेघेवरून चालायला लागेल. नवशिक्यांचा इथेच गोंधळ होतो.

पेनचा हात बसलेला नसेल तर दुसरी वाट आहे. आकृती निवडा, निवड थोडी फुगवा म्हणजे अंतर सुटेल, गुळगुळीत करा, मग ती मजकुराच्या चौकोनातून वजा करून उरलेल्या भागाचा पाथ बनवा. पाथ बनवताना 'टॉलरन्स' विचारला जातो, अर्ध्यापासून दहा पिक्सेलपर्यंत. आकडा लहान ठेवला की प्रत्येक केस आणि चुणी पकडली जाते, मोठा ठेवला की कड शांत होते. मजकुरासाठी मोठा आकडाच बरा.

इथवरची माहिती कोणत्याही भाषेला लागू आहे. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती देवनागरीची आहे.

रोमन अक्षर रेघेवर उभं राहतं. आपलं अक्षर रेघेला लटकतं. शाळेत पाटीवर आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षर काढायला शिकवत, ते उगीच नव्हे. सगळं सॉफ्टवेअर मात्र उभ्या राहणाऱ्या अक्षरांसाठी घडलं. वळणदार रेघेवर मजकूर चालवण्याची सोय फोटोशॉपमध्ये २००३ च्या सीएस आवृत्तीत आली. तिथे अक्षराचा पाया रेघेवर टेकतो आणि प्रत्येक अक्षर रेघेच्या त्या त्या जागच्या कलाप्रमाणे स्वतंत्रपणे तिरकं होतं. इंग्रजीत यानं काही बिघडत नाही. मराठीत शिरोरेषा उघडी पडते.

साधा हिशेब करून पाहा. देवाच्या प्रभावळीसारख्या गोल रेघेवर एखादं नाव फिरवायचं आहे. वर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर आणि अक्षराच्या पायापासून शिरोरेषेची उंची ५ मिलिमीटर. पायाशी परीघ साधारण २५१ मिलिमीटर, शिरोरेषेशी तो २८३ होतो. अक्षरांची रुंदी पायाशी मोजलेली, म्हणून वर जवळपास ३१ मिलिमीटरची तूट येते, आणि ती अक्षराअक्षरांमधल्या फटींत वाटली जाते. गंमत अशी, की वर्तुळ लहान घ्या वा मोठं, पूर्ण फेऱ्यात तूट तेवढीच राहते. मोठ्या वर्तुळात ती जास्त अक्षरांत वाटली जाते म्हणून डोळ्याला जाणवत नाही. छोट्या वर्तुळात दात पडल्यासारखं दिसतं. गणेशमंडळाच्या बोधचिन्हात, दुकानाच्या गोल शिक्क्यावर, क्रीडास्पर्धेच्या पदकावर हे पडलेले दात आपण रोज पाहतो आणि आता ते आपल्याला खुपतही नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

उपाय अवघड नाही. रेघ जिथे अक्षराचा पाया हवा तिथे काढायची नाही, जिथे शिरोरेषा हवी तिथे काढायची. मग कॅरेक्टर पॅनलमध्ये बेसलाइन शिफ्ट उणे करून अक्षरं तेवढी खाली उतरवायची. आता अक्षरांची रुंदी शिरोरेषेच्या पातळीवर मोजली जाते, रेषा जुळते आणि अक्षरं तिला खरोखरच लटकतात. खाली पाय थोडे जवळ येतात, एखादा उकार शेजारच्या अक्षराला टेकतो, तो हातानं सोडवावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. वार्प नावाची दुसरी सोय आहे, तिच्यात सगळा शब्द एकदम वाकतो. शिरोरेषा तुटत नाही, पण अक्षराचं वळण बिघडतं. शीर्षकाला चालेल, परिच्छेदाला नाही.

चेहऱ्यावर अक्षरं चढवण्याचा प्रकारही हल्ली फार दिसतो. पुढाऱ्याचा किंवा संतांचा चेहरा, आणि त्यावर गालाच्या उतारानं वळलेला मजकूर. त्यासाठी चेहऱ्याची काळीपांढरी प्रत नकाशा म्हणून वापरतात. मधल्या करड्या छटेवर अक्षर जागचं हलत नाही, उजेड-सावलीप्रमाणे इकडेतिकडे सरकतं. चित्र म्हणून ते छान आहे. वाचायचा मजकूर तिथे देऊ नये.

पुन्हा आपल्या पानाकडे. मजकूर आकृतीला वळसा घालतो तेव्हा ओळ कधी लांब, कधी आखूड होते. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून आपण 'जस्टिफाय' लावतो, आणि संगणक आखूड ओळ ताणून भरतो. ताणायला त्याच्याकडे जागा दोन, शब्दांच्या मधली आणि अक्षरांच्या मधली. दुसरी जागा मराठीत त्याला देऊच नये. अक्षरांमध्ये फट गेली की शिरोरेषा तुटली, आणि शिरोरेषा तुटली की शब्दाचा एकजीवपणा गेला. शब्दांमधली जागा सॉफ्टवेअर स्वतःहून ८० पासून १३३ टक्क्यांपर्यंत घेतं, तेवढ्यात काम भागवायचं.

भागत नाही, कारण आपले शब्द लांब. इंग्रजीत जे तीन सुटे शब्द असतात ते मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययासकट एकात बांधलेले असतात. 'दिंडीवाल्यांबरोबरच्या' हा एक शब्द. 'पंढरपूरच्या', 'वारकऱ्यांसाठी', 'मुक्कामापर्यंत' हे त्याचे शेजारी. बाईंच्या कोपरापाशी ओळ इतकी आखूड झाली होती की तिच्यात असे दोनच शब्द मावत होते, आणि दोघांच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. असे खड्डे चारपाच ओळींत एकाखाली एक आले की पानात पांढरी नदी दिसायला लागते.

इथे ऑपरेटरचं कौशल्य संपतं आणि संपादकाचं काम सुरू होतं. मी त्या रात्री लेखकाला फोन केला. एका वाक्यात 'दिंडीवाल्यांबरोबरच्या बायका' असं होतं, तिथे 'दिंडीतल्या बायका' चालेल का, विचारलं. ते म्हणाले, "चालेल काय, बरंच होईल." एक ओळ सुटली, आणि तिच्यामुळे खालच्या तीन. कोपराची कड आणखी पाच मिलिमीटर मागे घेतली. उरलेला एक खड्डा उजवी कड सैल सोडून मिटवला, कारण आकृतीकडची कड थोडी खालीवर झाली तरी चालते, तिथे माणूस उभाच आहे.

बाई उजवीकडे होत्या, हे आमचं नशीब. मजकूर डावीकडे असला की प्रत्येक ओळ एकाच समासातून निघते आणि आकृतीपाशी संपते. डोळ्याला परत कुठे यायचं ते ठाऊक असतं. आकृती डावीकडे ठेवली तर प्रत्येक ओळीची सुरुवातच सरकत राहते, आणि वाचणाऱ्याला दर ओळीला नवी जागा शोधावी लागते. वीस ओळींत डोळा दमतो. आकृती मधोमध ठेवून ओळ तिच्या आरपार नेणं तर सर्वांत वाईट. डाव्या अर्ध्या ओळीनंतर उडी मारायची की खाली उतरायचं, हे वाचकाला कळत नाही. पोथीतलं भोक लहान होतं आणि पोथी बहुधा ओळखीच्या मजकुराची असायची, मोठ्यानं वाचली जायची. आपला लेख वाचक पहिल्यांदाच वाचत असतो. मधोमध आकृती हवीच असेल तर दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र रकाने करावेत. आणि माणूस असेल तर त्याची नजर मजकुराकडे असावी. पानाबाहेर पाहणारा माणूस वाचकालाही बाहेर घेऊन जातो.

सॉफ्टवेअरला मराठी कळत नव्हती त्या काळातून आपण आलो आहोत, हेही सांगायला हवं. युनिकोडमधला मराठी मजकूर जुन्या फोटोशॉपमध्ये टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जायची, रफार सुटा पडायचा, जोडाक्षराचा पाय मोडायचा. म्हणून पुण्यात तयार झालेल्या श्री-लिपीसारख्या पॅकेजचे जुने फॉन्ट वापरून, अक्षरांचे तुकडे जोडत लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं. आता सॉफ्टवेअरला भारतीय लिप्यांची मांडणी समजते. तरी पुष्कळ ठिकाणी सवयीनं जुनाच रस्ता चालू आहे, आणि त्या मजकुरात ना शोध घेता येतो, ना तो दुसरीकडे नेता येतो. नव्या मुलांनी तरी युनिकोडमध्येच शिकावं, असं मी आग्रहानं सांगतो.

एक चूक आमच्याच एका जुन्या अंकात झाली, ती विसरलेलो नाही. कवितेचं अख्खं पान फोटोशॉपमध्ये केलं होतं, मुलीच्या आकृतीभोवती कविता. पडद्यावर झकास. पान आरजीबी रंगात होतं आणि छपाईसाठी सीएमवायके करताना मजकुराचा काळा चार शाईंत वाटला गेला: निळी ७५ टक्के, गुलाबी ६८, पिवळी ६७, काळी ९०. छपाईत चार प्लेटा केसभर सरकल्या आणि प्रत्येक शिरोरेषेला निळी-गुलाबी सावली आली. वर ते पान जेपीईजी करून पाठवलेलं, त्यामुळे अक्षरांच्या कडा भुरकट. कवीनं काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी कविता दिली नाही. तेव्हापासून नियम केला आहे. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, आणि पान पीडीएफ म्हणूनच जाणार, म्हणजे अक्षर ठिपक्यांचं न होता रेषेचंच राहतं. लहान टायपाचा लेख फोटोशॉपमध्ये लावायचाच नाही. आकृती तिथे कापायची आणि मजकूर पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सोडायचा. पैसे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे, त्यातही मजकूर आकृतीच्या कडेनं फिरवता येतो.

वारीचं पान रात्री दीडला सुटलं. सोडण्याआधी ऑपरेटरनं ते छापून घेतलं, भिंतीला लावलं, आणि आम्ही दोघांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं. कोपरापाशी आता कुणी अडखळलं नाही. त्रिकोणी पोकळी कोरी राहिली होती, आणि तिच्यातून बाईंच्या कानातला मोत्याचा कुडा स्पष्ट दिसत होता. आपोआप लावलेल्या पानावर तो 'आणि'च्या मागे लपला होता.

यंदाचा हा अंक तुमच्या हातात आहे. आकृतीभोवती मजकूर फिरवलेलं एखादं पान यात भेटेल. ते मोठ्यानं वाचा. जिथे डोळा अडेल, ओळ हरवेल किंवा शिरोरेषा तुटलेली दिसेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि पान क्रमांकासह संपादकांना कळवा. पुढच्या वर्षीची पानं लावायला बसण्याआधी आम्ही ती पत्रं वाचणार आहोत.